उत्तरेच्या खिडकीतली बाटली

रॉथेस, ४ एप्रिल १९९६

भावजी,

तुमची सात नंबरची बाटली पोचली. टपालवाला ग्रेगर पुडकं हुंगत हुंगत दारापर्यंत आला. म्हटलं, मेल्या, नाक आवर, सरकारी नोकर आहेस.

घरी सध्या मी काय पितेय ते आधी सांगते, म्हणजे तुमची चौकशी एकदाची मिटेल. शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली बारा वर्षांची व्हिस्की आहे, जेवणानंतर एक घोट, वर पाण्याचे तीन थेंब. दोन महिने उघडी आहे, त्यामुळे मनुकांचा वास उडून नुसतं ओलं लाकूड उरलंय. तळाला तीन बोटं राहिलीत. संपवायला हवी, पण एकटीने बाटली संपवायला मला आवडत नाही.

आता सात नंबर. चिठ्ठी न लावता पाठवायचं आणि ओळखायला लावायचं हा खेळ तुम्ही दोघा भावांनी सुरू केलात. माझा रॉरी गेला आणि त्याचा डाव माझ्या गळ्यात पडला. ही तुमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, वय दहा. खारवलेलं लिंबू, भिजलेला दोरखंड, मागून दवाखान्याचा वास, आणि शेवटी काहीतरी गोड जे तिचं स्वतःचं नाही. चुकले असेन तर सांगा, पण मी चुकलेली नाही.

खरं विचारायचंय ते वेगळंच. आमच्या आयव्हरचं पिंप कसं आहे? गेल्या ऑक्टोबरात त्यातला मद्यार्क एक्केचाळीस पूर्णांक दोन टक्के होता, आणि दर वर्षी तो थोडा उडतोच. चाळीसच्या खाली गेलं की कायद्याने त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, हे गोदामात जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगू! पोरगा जन्मला त्या आठवड्यात रॉरीने ते पिंप स्वतःच्या हाताने बांधलं, तुम्ही त्यात तुमच्या भट्टीची कोरी दारू भरलीत, आणि मी बाळंतिणीच्या खाटेवरून हुकूम सोडला: वर्षातून एकदा चवीपुरतं काढा, बाकी हे फुटेल ते आयव्हरच्या लग्नात नाहीतर आयव्हरच्या मयतीत, तिसऱ्या कशाला नाही. केवढे हसलो होतो तिघं! रॉरीने ते खडूने पिंपावर लिहूनही ठेवलं.

एकतीस वर्षं झाली. लग्न नाही, आणि दहा वर्षं पोराचा पत्ता नाही. "दारू सुटल्याशिवाय या दारात पाऊल टाकू नकोस" असं मी म्हणाले. त्याने आयुष्यात माझं एवढं एकच ऐकलं. बापाच्या मातीलाही आला नाही. तरी मला वाटतं, पिंप चाळीसच्या वर आहे तोवर तो येईल. म्हातारीचं खूळ म्हणा, पण त्या पिंपाला जपा.

इशबेल

पोर्ट एलन, १९ एप्रिल १९९६

वहिनी,

दक्षिण किनारा बरोबर. वय बारा, दहा नव्हे. गोड वास पोर्ट वाइनच्या पिंपाचा. तेव्हा अर्धी चुकलात, आणि हे मी फ्रेम करून लावणार आहे.

पिंप बरं आहे. ते खालच्या ओळीत आहे, समुद्राकडच्या भिंतीला. मी निवृत्त झालो तरी गोदामवाली पोरं मला आत सोडतात. हात लावून आलो. खडू अजून वाचता येतो.

घरी मी काय पितोय म्हणाल तर फारसं काही नाही. मार्चपासून वरच्या खोलीत एक भाडेकरू ठेवलाय. तो दारूला शिवत नाही. त्याच्यासमोर पेला भरताना मलाच चोरट्यासारखं होतं, म्हणून मीही चहावर आलोय. चहा मात्र असा पितो की पत्तीचा डबा आठवड्यात खडखडतो.

सोबत आठ नंबर पाठवतोय. ही ओळखाल तर खरं.

टॉर्मॉड

रॉथेस, ९ मे १९९६

भावजी,

आठ नंबर तीन मिनिटांत ओळखली. ती आमच्याच नदीकाठची आहे, माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. मला माझ्याच अंगणातलं गवत ओळखायला पाठवता होय?

आणि हे काय ऐकते मी! दारू न पिणारा माणूस, आयला बेटावर, आणि तोही तुमच्या घरात! अहो, त्याला आधी पोलिसांना दाखवा. असा माणूस एकतर पाद्री असतो नाहीतर फरारी. घरातले चमचे मोजून ठेवा. चेष्टा सोडा, पण तुम्ही चहा पिऊ लागलात तर माझा एवढा एक सोबती गेला. या गावात माझ्याशी वासावर भांडणारं कुणी उरलेलं नाही. शेजारीण व्हिस्कीत आल्याचं सरबत ओतते, आणि मला ते बघावं लागतं.

भाडेकरूला सांगा, चहा कमी पी, टॉर्मॉडला बिघडवू नकोस.

इशबेल

पोर्ट एलन, १४ ऑक्टोबर १९९६

वहिनी,

वर्षाचा नमुना सोबत आहे. दोनदा मोजला. चाळीस पूर्णांक सहा. पुढच्या ऑक्टोबरात कदाचित वर राहील, त्यापुढे नाही. उगाच खोटी आशा लावत नाही.

तुम्हाला एक विचारायचंय. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, नाहीतर फोनच केला असता. समजा आयव्हर आला. समजा त्याने सोडली आहे, सहा-सात महिने झालेत, तोंडावर रंग आलाय, हात थरथरत नाहीत. तर तुम्ही खरंच घरात घ्याल? की दारातच झाडाल? मला खरं उत्तर हवंय, तुमचं नेहमीचं वाकडं नको.

भाडेकरूने छपराच्या पाट्या बसवून दिल्या. आता स्वयंपाकघरात गळत नाही.

टॉर्मॉड

रॉथेस, २ नोव्हेंबर १९९६

भावजी,

नमुना मिळाला. नेहमीसारखा रात्रभर उत्तरेच्या खिडकीत ठेवला, सकाळी बाटली धूसर, जणू कुणी आत थेंबभर दूध सोडलंय. रॉरीला ते फार आवडायचं. दुकानातली दारू गार करून गाळलेली असते, ती कितीही थंडीत काचेसारखी राहते. पिंपातली अशी अंग दाखवते. मग शेकोटीजवळ आणून प्यायले. धूर आता जवळजवळ नाहीच. जुन्या पुस्तकाचा, मधाच्या रिकाम्या बरणीचा वास. लाकूड वर येतंय. म्हातारी झाली हो, माझ्यासारखी.

तुम्ही खरं उत्तर मागितलंत. घ्या.

त्या पोराला पहिला घोट मी दिला. चौदा वर्षांचा होता. रॉरी नको म्हणाला, मी म्हटलं, अरे, याचं नाक बघ, माझं नाक घेऊन आलंय. पाहुणे आले की डोळे बांधून त्याला पेले हुंगायला लावायची आणि तो ओळखायचा, आणि मी मिरवायची. सतराव्या वर्षी तो ओळखायचं सोडून नुसता प्यायला लागला. मी त्याला हाकललं ते त्याच्या दारूसाठी कमी आणि माझ्या शरमेसाठी जास्त. हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. रॉरीपाशीही नाही.

घरात घेईन का? घेईन. पण सहा-सात महिने मला सांगू नका. सहा महिने त्याने यापूर्वी दोनदा काढलेत, आणि दोन्ही वेळा मी केक केला, आणि दोन्ही वेळा पंधरवड्यात तो कोपऱ्यावरच्या गटारात सापडला. तिसऱ्यांदा मला ते सोसणार नाही. वर्ष काढू दे. भरलेलं वर्ष, एक दिवस कमी नको. मग म्हणावं, ये, दार उघडं आहे, आणि तुझ्या आईला तुझी माफी मागायची आहे.

पण तुम्ही हे सगळं का विचारताय? कुठून काही कळलंय का? कळलं असेल तर लपवू नका.

इशबेल

पोर्ट एलन, २० डिसेंबर १९९६

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

मी वचनात बांधलेला आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. मार्चचा पहिला आठवडा मोकळा ठेवा. गावाला जाऊ नका. केक करायचा तर करा.

नाताळासाठी नऊ नंबर पाठवतोय. ही ओळखायची नाही, नुसती प्यायची.

टॉर्मॉड

रॉथेस, १० मार्च १९९७

भावजी,

जानेवारीत लिहिलं, उत्तर नाही. फेब्रुवारीत लिहिलं, उत्तर नाही. मार्चचा पहिला आठवडा आला आणि गेला. मी सात दिवस बाहेरच्या पायऱ्यांवरचं बर्फ खरवडत होते, शेजारीण म्हणाली, राणी येणार आहे का तुझ्याकडे? केक केला होता. चौथ्या दिवशी पक्ष्यांना घातला.

मला काय समजायचं ते समजले. पुन्हा प्यायला लागला ना? अकराव्या महिन्यात पाय घसरला, आणि तुम्हाला लिहायची लाज वाटतेय. वाटू देऊ नका. मी आधीपासून धरूनच चालले होते. निदान कुठे आहे तेवढं सांगा.

की पिंपाचं काही झालं? चाळीसच्या खाली गेलं म्हणून गप्प आहात का? तसं असेल तर मला चव बघू दे. ऑक्टोबर नसला तरी या खेपेला नमुना पाठवा. मला हातात काहीतरी हवंय.

इशबेल

पोर्ट एलन, २४ मार्च १९९७

वहिनी,

उशिराबद्दल माफ करा. हिवाळा वाईट गेला. वादळात बोटी बंद होत्या, मीही आजारी होतो.

पिंप ठीक आहे. नमुना सोबत आहे. चाळीस पूर्णांक तीन.

ज्याच्याविषयी लिहिलं होतं त्याचं येणं जमलं नाही. सविस्तर पुढे कधीतरी लिहीन. तो पुन्हा प्यायला लागला असं मात्र मनातही आणू नका.

भाडेकरू गेला. घर मोठं वाटतं.

टॉर्मॉड

रॉथेस, ६ एप्रिल १९९७

भावजी,

नमुना मिळाला. रंग बरोबर. वास जवळजवळ बरोबर. मधाची बरणी आहे, जुनं पुस्तक आहे, धूर असून नसल्यासारखा. रॉरी असता तर त्यानेही मान डोलावली असती. मीही डोलावली.

मग सवयीने उत्तरेच्या खिडकीत ठेवली. सकाळी बघते तर निवळशंख. म्हटलं, थंडी कमी पडली असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवली. अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरली, कपबशी ठेवावी एवढी जाड. बाटली तशीच निवळशंख.

ही गाळलेली दारू आहे, भावजी. दुकानातली. दोन-तीन बाटल्या मिसळून, पाणी घालून तुम्ही चाळीसवर आणलीत.

मी दोन दिवस खुर्चीत बसून विचार केला. पिंपात दारू असती तर तुम्ही पिंपातलीच पाठवली असती. ते गळून गेलं असतं तर दहा पानी रडगाणं आलं असतं, मी ओळखते तुम्हाला. म्हणजे पिंप उघडलं. ते उघडायला दोनच कारणं होती, माझ्याच तोंडची. आणि लग्नाचं आमंत्रण मला आलेलं नाही.

तुमची वर्षभराची पत्रं काढून वाचली. भाडेकरूचं नाव तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आणि मी एकदाही विचारलं नाही. पोलिसांना दाखवा म्हणाले.

आता लिहा. सगळं लिहा. मला बसून वाचता येतं.

इशबेल

पोर्ट एलन, १५ एप्रिल १९९७

वहिनी,

तो आयव्हरच होता.

गेल्या वर्षी चार मार्चला बोटीतून उतरला. अंगावर कुणाचातरी कोट होता, आणि त्या दिवसापासून त्याने थेंब घेतला नाही. मला शपथ घातली की आईला कळवायचं नाही, मी माणसात आलो की स्वतः जाईन. ऑक्टोबरात तो निघालाच होता. बॅग भरून जिन्याखाली ठेवली होती. मग म्हणाला, काका, आधी विचारून तर बघ. म्हणून मी विचारलं. तुमचं उत्तर आलं ते त्यानेच मोठ्याने वाचायला लावलं. घोट तुम्ही दिला होता, शरम तुम्हाला वाटत होती, ते सगळं त्याने ऐकलं. माफीच्या ओळीला म्हणाला, पुन्हा वाच. मग बॅग वर नेली आणि कपडे परत कपाटात लावले. म्हणाला, "बरोबर आहे तिचं. वर्ष म्हणजे वर्ष." भिंतीवर दिवस खोडत होता. पाच मार्चची सकाळची बोट ठरली होती.

अकरा फेब्रुवारीला दुपारी चहा पिता पिता त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाला, आधीच्या वर्षांनी आतून पोखरून ठेवलं होतं, आता सोडली तरी काय. बोटी बंद, हेलिकॉप्टर वाऱ्याने उठेना. पहाटेपर्यंत टिकला. दारू मागितली नाही. वीस दिवस राहिलेत, एवढंच दोनदा म्हणाला.

मी फोन उचलला होता, वहिनी. चार वेळा उचलला. तुम्ही "कोण? मोठ्याने बोला" म्हणाल आणि मला ते ओरडून सांगावं लागेल, ते माझ्याने होईना. बोटी आठवडाभर बंद होत्या. इथल्या रिवाजाने तिसऱ्या दिवशी माती दिली. पाचव्या दिवसापर्यंत थांबलो असतो तरी तुम्ही पोचला नसतात, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही.

कबरीपाशी पेला फिरवायचा तर कुठला फिरवायचा? पिंपावर तुमचा हुकूम लिहिलेला होता. मी बूच काढलं. सगळं गाव आलं होतं, त्याने निम्म्या गावाची छपरं दुरुस्त केली होती. तीस-चाळीस माणसांनी घेतली, उरलेली मातीवर ओतली. पिंप संपलं.

त्यानंतर प्रत्येक दिवशी लिहिणं अवघड होत गेलं. तुम्ही नमुना मागितलात तेव्हा सुटलो असं वाटलं. एवढं तरी मला येतं म्हटलं. तीन दिवस खपलो, नाकासाठी आणि जिभेसाठी. तुमच्या खिडकीचं तुम्ही लिहिलं होतंत, मी वाचलंही होतं, पण मी कायम शेकोटीपाशी बसून पिणारा माणूस, डोळ्याचं विसरलो. मी भित्रा आहे. रॉरी मला लहानपणापासून म्हणायचा.

पिंपातली एक छोटी बाटली तुमच्यासाठी काढून ठेवली होती. ती सोबत पाठवतोय. ही खरी आहे.

टॉर्मॉड

रॉथेस, २८ एप्रिल १९९७

भावजी,

बाटली खिडकीत ठेवली. सकाळी धूसर झाली. खरी आहे.

मी ती मोरीत ओतली. चव घेतली नाही. ज्याला तो अकरा महिने शिवला नाही ते तुम्ही त्याच्या मातीवर ओतलंत. मी चार दिवस तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले, भिंतीकडे बघून, मोठमोठ्याने. शेजारीण दार वाजवून गेली. मग आठवलं की पिंपावर तो हुकूम कुणाचा होता. आणि वर्ष भरू दे, एक दिवस कमी नको, हे कुणी लिहिलं होतं. बॅग त्याने माझ्यामुळे रिकामी केली. तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून ते साधेपणाने लिहिलंत, पण ते तसंच आहे आणि ते मला मरेपर्यंत पुरेल. तुमच्यावर राग धरायला माझ्यापाशी जागा उरलेली नाही.

यापुढे बाटल्या पाठवू नका. कपाटातल्या सगळ्या मी ग्रेगरला दिल्या. तो बिचारा रडायलाच लागला, दुःखाने की आनंदाने देव जाणे.

बोटी सुरू झाल्यात. सतरा मेला येते. त्याची ती बॅग तशीच ठेवा, कुणाला देऊ नका. भिंतीवरचे खोडलेले दिवसही पुसू नका.

तुम्ही नेहमी पहिलं विचारता, "वहिनी, घरी सध्या काय पिताय?" चहा पितेय. त्याच्यासारखा करायला बघते, पण एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो माझ्या घरात राहिला आणि त्याला चहा कसा लागतो ते मला माहीत नाही. व्हिस्कीत पाण्याचे किती थेंब लागतात ते माहीत होतं. दूध आधी घालायचा की मागून? साखर किती? कडक की बेताचा? नीट आठवून लिहा. अंदाजाने लिहू नका.

इशबेल